बाकीच्या खोल्या

(एका घरातली आतली खोली. दोघे भाऊ रंगारी. थोरला शिडीवर उभा राहून छताला दुसरा हात मारतोय. धाकटा खाली खिडकीची चौकट घासतोय.)

थोरला: छत आज उरकलं की उद्या बाहेरची खोली धरू. मग स्वयंपाकघर.

धाकटा: दादा, आपल्याकडे एवढी एकच खोली आहे.

थोरला: कोण म्हणतं? बाईंनी मला अख्खं घर फिरवून दाखवलंय.

धाकटा: दाखवलं, पण बाकीच्या खोल्या रंगवायला कंपनीला दिल्या. सकाळी मला म्हणाल्या.

थोरला: तुला? कामाचं बोलणं मी केलं आणि सांगतात तुला?

धाकटा: तुझ्या तोंडावर सांगायला जड गेलं असेल.

थोरला: जड कसलं डोंबलाचं! ती कंपनीची पोरं लांबी वाळायच्या आत रंग फासतात. वर्षाच्या आत पोपडे निघतील, मग येतील बाई, "अहो, बघा ना जरा" म्हणत.

धाकटा: नाही यायच्या. पोपडे निघाले तर कंपनी फुकटात करून देते.

थोरला: बरीच वकिली चाललीय तुझी. आणि घासायचा का थांबलास? काय आहे मनात, बोल की!

धाकटा: सोमवारी इथे येणारी टीम माझी आहे.

थोरला: तुझी म्हणजे?

धाकटा: मी लागलोय कंपनीत. टीम लीडर म्हणून.

थोरला: हा रोलर घे. घे म्हणतो ना! उतरू दे मला.

धाकटा: सावकाश. पाय बघून टाक.

थोरला: मला शिकवू नकोस! मिसरूड फुटलं नव्हतं तुला, तेव्हापासून बरोबर घेऊन फिरलो. आणि माझ्या पाठीमागे हे धंदे?

धाकटा: वहिनीला माहीत आहे.

थोरला: काय माहीत आहे?

धाकटा: सगळं. तीच म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी सुटा. यांच्या मानापायी दोन्ही घरं उपाशी नकोत."

थोरला: ती म्हणाली असं?

धाकटा: रडत म्हणाली, दादा.

थोरला: म्हणजे घरात मीच तेवढा येडा. रोज जेवताना सांगतो तिला, येईल गं काम. ती आपली मान खाली घालून वाढत असते.

धाकटा: कुठून येणार? लोक फोनवर बोट दाबतात, रंगारी दारात हजर. आपला फोन वाजलाच तर राँग नंबर.

थोरला: सांगायचं होतंस रे मला. चार शिव्या घातल्या असत्या, आणखी काय केलं असतं?

धाकटा: शिव्यांना कोण भितो? तू गप्प बसला असतास, ते मला बघवलं नसतं.

थोरला: बरं. माणसं पुरी झाली का तुझी?

धाकटा: एक कमी आहे. का?

थोरला: छताला कोण आहे?

धाकटा: तोच मिळत नाहीये. पण दादा, तू नको. तिथे सगळी कोवळी पोरं. कंपनीचा टी-शर्ट घालायचा, घरात शिरण्याआधी स्वतःचा फोटो पाठवायचा. रंग कुठला, हात किती, सगळं ऑफिस ठरवतं. आपण तोंड उघडायचं नाही.

थोरला: नाही उघडत. आजवर उघडून काय मिळालं?

धाकटा: शिवाय टीम लीडरच्या हाताखाली नातेवाईक चालत नाही. भरतीलाच विचारतात.

थोरला: मग सांगायचं नाही.

धाकटा: आडनाव एकच आहे आपलं.

थोरला: या आडनावाची माणसं ढिगानं सापडतील.

धाकटा: आणि बाई? त्या तर दोघांनाही ओळखतात.

थोरला: बाईंना मी हात जोडून सांगतो. तू फक्त एक कर. तिथे मला दादा म्हणू नकोस.

धाकटा: मग काय म्हणू?

थोरला: बाकीची पोरं म्हणतील ते. काका म्हण.

धाकटा: मला नाही जमायचं.

थोरला: जमव. सोमवारी सगळ्यांदेखत जीभ अडखळली, तर दोघंही घरी बसू. आत्ता म्हणून बघ.

धाकटा: दादा, पुरे ना.

थोरला: म्हण म्हणतो ना!

धाकटा: काका, चढा तुम्ही. शिडी धरलीय मी.