काटा परत चढतो

इस्त्री दुरुस्तीला घेऊन आलेली शिंपीण रेडिओवाल्याच्या दुकानात बाकाच्या कडेला घाईघाईनं टेकली होती. तिच्या आधी आलेल्या आजी टेबलाशी उभ्या होत्या.

“तुमचा रेडिओ अकरा वर्षं बंद होता ना, आजी. एकदम वीज दिली असती तर यातला कंडेन्सर फुटला असता. म्हणून सकाळपासून थोडी थोडी देतोय.”

“कंडेन्सर म्हणजे?”

“ही डबी. वीज धरून ठेवते. आता भरलीय, मीटरचा काटा बघा.”

“आमच्या ह्यांच्याकडे असंच मीटर होतं. जेवण निवून जायचं, पण काट्यावरची नजर हलायची नाही. मला वाटायचं, माझ्याशी बोलायचं टाळतात.”

“हात लावायच्या आधी रिकामी करावी लागते. ही तार जोडली. आला काटा शून्यावर?”

“आला. संपलं म्हणायचं.”

“आता तार काढली. नुसतं बघत राहा.”

“हा तर चढतोय. झोपेत कूस बदलावी तसा. तुम्ही वीज दिलीत?”

“नाही. आत मुरलेली असते थोडी. जुन्यात जरा जास्तच.”

“मग आमचे हे हेच बघत बसायचे होय.”

“नवी टाकू का? ही गळकी आहे. नवीवर रेडिओ चांगला चालेल.”

“टाका. ही मात्र मला परत द्या.”

“हिचं काय करणार?”

“मीटर घरी आहे की. आता परत एकदा रिकामी करा बघू.”

रेडिओवाल्यानं बाकाकडे पाहिलं. “ताई, तुमची इस्त्री घेऊ का आधी?”

“राहू द्या,” शिंपीण मागे सरकून नीट बसली. “काटा वर येऊ दे.”