इंग्लिशमध्ये सांगा

कुणी 'डाएटवर आहे' म्हणालं की माझं डोकं फिरतं, त्याचं कारण ऐका. लॉकडाउनमध्ये एक थोर संस्था गरीब मुलांना पोषण आणि इंग्लिश एकाच तासात शिकवत होती, तेही मोबाइलवर. बातमीसाठी मी मार्केट यार्डाजवळ एका हमालाच्या घरी गेलो. यार्ड बंद, हमाल घरी. त्याची पाचवीतली सोनाली मोबाइलसमोर बसलेली.

मॅडमनी विचारलं, "डाएट म्हणजे काय, कोण सांगेल?"

सोनाली म्हणाली, "माझी आई करते, मॅडम. आम्हाला जेवायला वाढते आणि स्वतः नुसता चहा पिऊन झोपते. विचारलं तर म्हणते, माझं डाएट चालू आहे."

"व्हेरी गुड! बघा मुलांनो, आई किती हेल्थ कॉन्शस आहे!"

कोपऱ्यातली तिची आई मान खाली घालून भिंतीकडे वळली. मी मोबाइल ओढून घेतला.

"अहो मॅडम, हिची आई उपाशी झोपतेय!"

"सर, इंग्लिशचा तास आहे. प्लीज, इंग्लिशमध्ये सांगा."

"हंग्री!" मी ओरडलो.

"करेक्ट! मुलांनो, म्हणा माझ्यामागून, हंग्री."

सगळ्यात मोठ्यानं सोनाली म्हणाली.