चाळीस अंशांपर्यंतचा शिक्का

सौदीत जुबैलला आमच्या ड्रोनचं काय झालं, ते सांगितलं का तुम्हाला? टाकीच्या पाहणीसाठी तो युरोपातून आणला होता. खाली रंगारी काम करत होते आणि सुरक्षेच्या कागदावर सही माझी लागणार होती.

मी म्हटलं, "ड्रोनच्या पुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच उडवा असं लिहिलंय. आत्ता सत्तेचाळीस आहे."

आमचे पुण्याचे मॅनेजर भडकले; माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, त्यांच्याच हातात होता. "परकार, युरोपचा सुरक्षेचा शिक्का आहे त्यावर! तू कोण अडवणार? इकामा रिन्यू व्हायला हवाय ना? यल्ला, सही कर!"

"शिक्काही चाळीसपर्यंतचाच आहे, साहेब. तरी करतो सही. फक्त ड्रोन वर असेपर्यंत तुम्ही रंगाऱ्यांबरोबर खाली उभे राहा."

साहेबांनी एकदा वर पाहिलं. "खलास, आज नको."

इकाम्याचं काय व्हायचं ते होवो, तो कागद अजून कोराच आहे.