आत्याबाईंनी मांडणी उतरवली

माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. ते जुनं गाव आता न्हाय, भूकंपात गेलं, तिथं नुसत्या बाभळी हायेत. म्या तवा चौथीत. गणपती बुडवून येऊन निजलो आन् पहाटं पयला आवाज आला तो मांडणीवरच्या भांड्यांचा, थडथड थडथड, मग डोक्यावरचं मातीचं माळवद खाली आलं. धाकटा भाऊ बाळू त्यात गेला. म्या दाराजवळ होते म्हणून राहिले. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं न्हाय. काय सांगू तुम्हाला, असलं बोलायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पत्र्याच्या शाळेत शिकले, मग यष्टीनं धाराशिवला जाऊन बीए झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी म्या पयली, हे म्या सांगतेच, त्यात लाज कसली?

लगीन झालं नळदुर्गला. नवऱ्याचं हायवेच्या कडंला पंक्चरचं दुकान, मागं घर. तिथं आले आन् छाती धडधडायला लागली, हातापायाला मुंग्या, अन्न जाईना, झोप न्हाय, भाकरी तव्यावर तशीच आन् म्या दारात उभी. सोलापूरला छातीची पट्टी काढली, डाक्टर म्हणले हृदय चांगलं हाय. चुलत सासू म्हणली देवीचं वारं हाय, तुळजापूरला न्या. मोठे दीर म्हणले शिकलेली हाय, भाकऱ्या थापायला नकोत, सोंग हाय सगळं, माहेरी घालवा. नवरा उठून दुकानात गेला. म्या पिशवी भरली बी. पण माहेरी तरी काय, आई अजून अंगणात पत्र्याखालीच निजायची.

आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. समोर तूरडाळ निवडत बसलेल्या. ट्रक गेला, मांडणी थडथडली, म्या दारात. त्या म्हणल्या, भांडी वाजली की उठतीस व्हय गं? भूकंपात काय झालं हुतं? आन् इतक्या वर्षांनी म्या बाळूचं नाव घेतलं.

त्या रडल्या न्हाईत. उठल्या आन् मांडणी उतरवायला लागल्या. आता बघा, आमच्याकडं मांडणी म्हंजी बाईचा थाट, चिंचेनं घासलेल्या पितळी घागरी, तांब्याचे हंडे, आल्या-गेल्याची नजर पयली तिथंच. ते सगळं चिंध्यांत गुंडाळून पोत्यात घातलं. शेजारीण म्हणली, काय गं शेवंता, सुनंच्या औषधापायी भांडी मोडलीस का काय? आत्याबाई म्हणल्या, व्हय, मोडली, उद्यापास्नं तुझ्याकडंच जेवायला येतो, ताटं घासून ठेव.

आन् दिरांना म्हणल्या, घर हालतंय म्हणून ती हालती. घर माझं हाय. मग घालवायचं कुणाला, सांग!

मग त्याच मला धाराशिवला मनाच्या डाक्टरीणबाईकडं घेऊन गेल्या. बाई म्हणल्या, भ्या अंगात बसलंय, हा आजार हाय, बरा हुतो, येड न्हाय. आत्याबाई म्हणल्या, तापावानीच की मग, द्या गोळ्या. लई दिवस गोळ्या घेतल्या, लई दिवस बोलले.

आता म्या शाळंत क्लार्क हाय. रस्ता रुंद झाला, ट्रक वाढले, बीपीची गोळी चालू हाय. पार बरी झाले असं म्या म्हणत न्हाय, एखाद्या दिवशी अजून उठते. अशी सासू समद्या लेकींना मिळो. आता त्यांना ऐकू कमी येतं. ट्रक आल्याचं त्यांना माझ्या तोंडाकडं बघून कळतं.

बस, गेला तो, म्हणतात. म्या बसते.