जुना प्रोसेसर माझाच आहे

नाव व पत्ता ठाण्यातील नोंदीप्रमाणे. वय तेवीस वर्षे. व्यवसाय शिक्षण, तसेच घरी पुस्तकांची अक्षरजुळणी.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आई व मामा यांच्यासह राहते. संगणकाच्या दुकानाच्या मालकांनी माझ्याविरुद्ध चोरीची तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवण्यात आली. तक्रारीत नमूद केलेला जुना प्रोसेसर मी दुकानातून घेतला, हे खरे आहे. तो माझा आहे.

मला एका शब्दकोशाची पाने जुळवण्याचे काम मिळाले आहे. माझे हे पहिलेच स्वतंत्र काम. घरचा संगणक इतक्या मोठ्या फायलीपुढे वरचेवर अडतो, म्हणून कमी खर्चात त्यात काय बदलता येईल, हे मी वाचून काढले. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सर्व भाग बसतात ती पाटी, आहे तीच ठेवून त्यावर अधिक वेगवान प्रोसेसर चालतो. मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डाची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करावी लागते. ती न केल्यास बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि पडदा काळा राहतो.

संगणक घेऊन मी दुकानात गेले व हे सर्व सांगितले. मालक म्हणाले, "ताई, एवढं वाचलंय तर दुकानच टाका की!" उभी असलेली गिऱ्हाइके हसली. कारागिराने प्रणालीला हात न लावता थेट प्रोसेसर बदलला. पडदा काळा राहिला.

"बोर्ड गेलं तुमचं," मालक म्हणाले. "नवीन घ्या. मेमरीही त्याच्या जोडीची लागेल."

मी म्हणाले, "जुना प्रोसेसर परत बसवून बघा. बोर्ड सुरू होईल."

"जुना माल दुकानात जमा होतो. इथली पद्धत आहे."

"मला कुणी विचारलं नव्हतं."

"त्यात विचारायचं काय? सगळे ठेवूनच जातात."

काढलेले प्रोसेसर ठेवण्याचा डबा काउंटरच्या मागे होता. मी काउंटरच्या मागे गेले. माझा प्रोसेसर सर्वांत वर होता. त्यावरचा, उष्णता वाहून नेणारा करडा लेप अजून ओला होता. प्रोसेसर रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवला. परवानगी मागितली नाही. मालक ओरडले, "अहो, ही सरळ चोरी आहे!" मी म्हणाले, "मग पोलिसांना बोलवा." मी सहसा मोठ्याने बोलत नाही. हे दुकानाबाहेरही ऐकू गेले असावे.

ठाण्यात आल्यावर मामा मला म्हणाले, "अगं, बिस्किटाएवढी वस्तू ती. देऊन टाक, माफी माग आणि घरी चल. उद्या नोकरीला अर्ज करशील, तेव्हा हेच आडवं येईल." हवालदारसाहेबांनीही तोच सल्ला दिला. दोघांचा हेतू चांगला आहे. मी प्रोसेसर देणार नाही. तो दिला तर मी चोर ठरते, आणि माझा धडधाकट बोर्ड मेला होता, हेही कायमचे खरे ठरते.

मी विनंती केली की, संगणक दुकानातून मागवावा, पंचांसमक्ष त्यात हा प्रोसेसर बसवावा आणि बटण दाबावे. बोर्ड सुरू झाला नाही, तर माझ्याविरुद्ध जे लिहायचे ते लिहावे. सुरू झाला, तर चालता बोर्ड मेला असे सांगून नवा गळ्यात मारू पाहिल्याबद्दल माझी तक्रार नोंदवावी. शब्दकोशाचे काम तोवर खोळंबेल, याची मला कल्पना आहे.

हे ऐकून मालक हवालदारसाहेबांना म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब. पोरगी आहे. मी मागे घेतो तक्रार."

मामा लगेच उठून उभे राहिले. मी बसून राहिले. मालकांनी त्यांची तक्रार मागे घ्यावी किंवा घेऊ नये, तो त्यांचा प्रश्न आहे. बटण दाबून पाहावे, ही माझी मागणी मी मागे घेत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. नंतर मी तो स्वतःही वाचला. यात माफी नाही. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.