जुनेदचं वाक्य

…नाही गो, वाईट नाही लिहिलंयस. दोनदा वाचली मी तुझी फाईल, वेदिका. फक्त माणसं बोलायला लागली की सगळी एकसारखीच बोलतात — आजी काय नि तलाठी काय. माझं तरी काय वेगळं होतं? बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं कारकून मी, पुस्तकाचा पहिला खर्डा अर्जासारखाच उतरला. प्रकाशकानं परत पाठवलान, खाली एकच ओळ — ‘माणसं बुडतात, पण कुणी भिजत नाही.’ चार दिवस जेवण गेलं नाही मला. बस, बस, चहा होतोय. मग काय केलं? नाटे गावात जाऊ लागलो. ज्या होडीवर लिहीत होतो ती तिथलीच ना — खाडीच्या तोंडाशी उलटली, दोघं होते, आमीर वाचला, जुनेद गेला. चौदा वेळा गेलो. जेटीवर बसायचं, माणसं बोलतात तसं वहीत उतरवायचं — अर्धं वाक्य तर अर्धंच. घरी येऊन मोठ्यानं वाचायचं, जीभ अडली की तिथं काट. तीनशे पानांची एकशे साठ झाली. अशीच सुधारते भाषा, दुसरी वाट नाही.

पण ते बुडण्याचं प्रकरण — ते काही केल्या उभं राहीना. पाणी होतं, वारा होता, जुनेदच गप्प. आमीरनं काय झालं ते सांगितलंन मला, नाही असं नाही — पण ते लिहिता येण्यासारखं नव्हतं. ते सोड. आठ महिने अडलो. आणि एका दुपारी आपोआप आलं बघ — जुनेद पाण्यातून ओरडून आमीरला सांगतोय, ‘अम्माला सांग, माझ्या वाटचं कालवण झाकून ठेव.’ झालं! प्रकरण उभं राहिलं. तुलाही तेच आवडलं ना? सगळ्यांना तेच आवडतं, लोकांना पाठ आहे. माझं आहे ते. माझं — जुनेदचं नाही.

अशी का बघतेस? कादंबरी म्हणून छापलं असतं तर गोष्ट वेगळी — मी खरी हकीकत म्हणून छापलं. आणि आसियाबी, जुनेदची आई, तिला शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलंन. तेव्हापासून ती रोज एक वाडगा झाकून ठेवते. तीन वर्षं! आमीरला रस्त्यात थांबवायची — ‘कसं म्हणाला, परत सांग.’ तो बिचारा नुसती मान हलवायचा, मग कतारला गेला तो आलाच नाही. आणि मी? जेवताना समोर झाकलेलं भांडं दिसलं की घास उतरत नाही.

गेल्या महिन्यात गेलो. म्हटलं, आता सांगून टाकू. ती विळीवर बांगडे साफ करत होती. ‘आसियाबी, ते वाक्य माझं. जुनेद तसं म्हणाला नव्हता.’ वर न बघता म्हणाली, ‘माहीत आहे, आप्पा. तो मला अम्मा कधी म्हणालाच नाही. लहानपणापासून नावानं हाक मारायचा — आसिया. पहिल्याच दिवशी कळलं मला.’ चौदा वेळा गो, चौदा वेळा गेलो मी त्या गावात, आणि तिला एकदा विचारलं नव्हतं, पोरगा तुम्हाला काय हाक मारायचा म्हणून. म्हटलं, ‘मग झाकून का ठेवता?’ तर म्हणते, ‘दुसऱ्या कुणी काहीच सांगितलं नाही. तुम्ही निदान खोटं तरी सांगितलंत.’ आणि हात थांबले तिचे. ‘आता खरं सांगा. काय म्हणाला तो?’

काय सांगणार? काही म्हणाला नाही. आमीरनं तासभर त्याचा हात धरून ठेवलान, मग हात भरून आला, आणि — आणि आमीरनंच सोडलान. आमीरचे शब्द सांगतो, ‘तो नुसता बघत होता, आप्पा. हे लिहू नका.’ तोंडापर्यंत आलं होतं तिच्यासमोर. मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’ ती परत बांगडे साफ करायला लागली.

हे — हे तुला का सांगितलं मी? तू तर गोष्टीतली माणसं बोलती कशी करायची ते विचारायला आलेलीस. कुठं बोलू नकोस. नाही, फाईल ठेवू नकोस इथं, मी परत वाचायचा नाही. घे ती. दुसरं कुणीतरी बघ. चहा राहू दे, जा तू — जा म्हटलं ना.