तिसऱ्या नंबरची कॉइल

संयोगिता : मामा, गाडी अजून हादरतीय. चारी कॉइल नव्याच घातल्यात ना?

सयाजी : घातल्यात की. बंद कर, चावी काढ. नव्यातलीच एखादी खराब निघाली आसंल. एका कॉइलनं ठिणगी न्हाई दिली की इंजिन असंच लंगडतंय. आज काय ही गाडी निघत न्हाई, पोरी.

संयोगिता : असं कसं म्हणता? उद्या सकाळी हळद आहे माझी. सांगलीत आई दारात बसली असेल.

चंद्राबाई : एसटीनं जा म्हणावं, तर ह्यांनी आधीच पण केलाय. आमच्या जयराजची बायको ह्या दारातनं नवरी हून निघंल, ती जयराजच्या गाडीनंच निघंल, म्हणं.

सयाजी : मग? चोरावानी जायाचं व्हय तिनं? सासू-सासऱ्यानं उभं ऱ्हाऊन जमवलेलं लगीन हाय.

संयोगिता : आत्या, मी कृष्णातदादाला फोन लावते. न्यायला येईल तो.

सयाजी : लाव, लाव. सांगलीस्नं मेढ्याला यायला सांज व्हईल त्याला. अन् रातीचं मी जाऊ देत न्हाई. पहाटंच निघा मग दोघं.

(संयोगिता फोन लावायला घरात जाते.)

चंद्राबाई : गेली आत. आता खिसा दावा.

सयाजी : कसला खिसा?

चंद्राबाई : सदऱ्याचा. पेरू चोरलेल्या पोरागत फुगलाय बघा.

सयाजी : पाना हाय त्यात.

चंद्राबाई : पाना तुमच्या हातात हाय.

सयाजी : तुझं लक्ष कवाबी नगं तितंच.

चंद्राबाई : सारा जलम तुमच्याकडं बघण्यात गेला, आता कुटं वळवू? काढा भाईर... आवं, ही तर नवीकोरी! मग आत काय घातलंसा?

सयाजी : हळू बोल. तिसऱ्या नंबरची तेवढी जुनीच परत बसवलीया.

चंद्राबाई : बिघडलेली?

सयाजी : व्हय.

चंद्राबाई : फौजेच्या वर्कशॉपात असं केलं असतंसा, तर सायबानं काय केलं असतं?

सयाजी : कोर्ट मार्शल.

चंद्राबाई : मग मी काय करू?

सयाजी : तू गप ऱ्हा. एक रात, अगं. पहाटं बसवतो की नवी. सांजचं जेवण झालं की ती आतनं हाळी देईल, मामा, गोळी घेतली का? बास. एवढं एकदा ऐकतो.

चंद्राबाई : ह्ये लगीन जमवलं कुणी? सारी भावकी आपल्या सोप्यात बसली हुती. सून दुसऱ्याच्या घरी धाडतोस, लाज कशी वाटत न्हाई म्हणून. तवा तुमी काय म्हणालासा?

सयाजी : नगं काढू त्ये.

चंद्राबाई : म्हणालासा, माझा ल्योक मेलाय, पोरगी न्हाई मेली. हंबीरराव भावजी ताटावरनं उठलं, ते आजतागायत बोलत न्हाईत. अन् नवऱ्या मुलाचं, वीरधवलचं घर बघायला सोता गेलासा. त्याच्या आईला सांगून आलासा, आमच्या पोरीला चहात आलं लय लागतं.

सयाजी : सांगितलं की. पर त्ये सारं त्वांड बोललं गं. हातांना कुणी सांगितलंच न्हाई. नवी कॉइल हातात घेतली अन् मनात आलं, ही बसली की गाडी सुरू हुतीया, अन् गाडी सुरू झाली की पोर जातीया. हात मागंच आला.

चंद्राबाई : अन् माझा न्हाई आला? सकाळपास्नं तिची ओटी काढून ठिवलीया. खण, नारळ, तांदूळ. सूप उचलते अन् परत ठिवते. थोरल्या जाऊबाई म्हणत्यात, इधवेची ओटी भरत्यात व्हय? त्यांना मी भीत न्हाई. भ्या एवढंच वाटतंय, ओटी भरली की ती उठंल.

सयाजी : मग तुला तर कळतंय की.

चंद्राबाई : कळतंय, म्हणून तर सांगते. हळदीचा मुहूर्त टळला तर तितली माणसं काय म्हणतील? पहिल्या सासरानं अडवली. नव्या घरात पाय ठिवायच्या आधी तिनं ह्ये ऐकायचं? बसवा नवी.

सयाजी : बसवतो. डोळं पूस तू. आली बघ ती.

संयोगिता : दादा निघतोय म्हणाला. मामा, परत बॉनेट उघडलंत?

सयाजी : त्याला म्हणावं, येऊ नगं. सापडलं.

संयोगिता : काय होतं?

चंद्राबाई : काय न्हाई गं. ह्यांचं डोळं गेलं. नजरचुकीनं जुनीच कॉइल परत बसवली हुती.

संयोगिता : बघू ती. ही तर तीन नंबरची. हिच्यावर माझ्या नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत.

सयाजी : जयराजनं हितंच अंगणात खोलल्या हुत्या कॉइल. जिथली तिथं परत जावी म्हणून लाल ठिपकं दिलं हुतं त्यानं.

संयोगिता : नवी बाटली होती माझी. वाया घालवली म्हणून दिवसभर बोलले नव्हते त्याच्याशी. मामा... नजरचुकीनं नव्हती ना बसवली?

सयाजी : न्हाई.

संयोगिता : मग राहू का मी आज? दादाला सांगते, पहाटे निघते. हळद जरा उशिरा लागली तर लागली.

चंद्राबाई : ऐकलंसा का, काय म्हणतीया ती?

सयाजी : ऐकलं. न्हाई, पोरी. उन्हं हायेत तवर निघ. ही बघ, टक करून बसली. लावलं बॉनेट.

संयोगिता : ती जुनी मला द्या मग.

सयाजी : ती ऱ्हाऊ दे हितं. बाकी समदं ने.

चंद्राबाई : थांब, गाडीत बसायच्या आधी पदर पसर. असा. नारळ नीट धर, घरंगळंल. अन् हिकडं यायला कारण काढायचं न्हाई. मनात आलं की यायचं. फिरव आता चावी.

संयोगिता : आत्या, बघा, आता जरासुद्धा हादरत नाही. येते मी. येते, मामा.

सयाजी : ये. उताराला गिअर कमी ठेव. अन् मागं बघत बसू नगंस.

चंद्राबाई : वळली बघा.

सयाजी : खिंडीत पोचली आसंल का गं आता?

चंद्राबाई : काय ठावं. मघासारखा लंगडा आवाज कुटं येतोय? चांगली बसवलीसा.